पोरांना शिडाची होडी शिकवायची? आधी उलटवायला शिकवा

राम राम मंडळी! शिडाच्या होडीचं नाव काढलं की जळगावात पहिला प्रश्न ठरलेला: “काय भो, समुद्र कुठंय इथं?”

समुद्र लागतच नाही. पाणी लागतं आणि वारा. हैदराबादची पोरं हुसेन सागरवर शिकतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या तलावात.

पण हे ऐकून लगेच पोरांना घेऊन हतनूरला निघू नका! त्या धरणाला 41 दरवाजे आहेत, त्यांच्या आसपास होडीचं काही काम नाही. बॅकवॉटरमध्ये पाण्याखाली खोडं असतात, मासेमारीची जाळी असतात. परवानगी, प्रशिक्षक आणि सोबतीला मोटारबोट, या तिन्हींतलं एक जरी नसेल तर बेत रद्द.

आता होडी. मुलांची म्हणून जगभर चालते ती ऑप्टिमिस्ट. 1947 मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्सनं आखली. लांबी 2.3 मीटर, म्हणजे आपल्या बाजेपेक्षा जराशी मोठी, वजन 35 किलो. एकच पोर आणि एकच शीड.

पहिला धडा जमिनीवर, अंगणातसुद्धा होतो. शीड ओढून धरायची एक दोरी असते, तिला शीट म्हणतात. (हो, दोरीलाच!) ती हातातून सोडली की शीड दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखं फडफडतं आणि होडीचा जोर जातो. हाच ब्रेक. घाबरलं पोर काय करतं? हातात असेल ते घट्ट आवळतं. म्हणून “दोरी सोड!” इतकं घोटून घ्यायचं की हात आपोआप सुटला पाहिजे.

मग उलटणं. मास्तर शेजारी, पाणी शांत, आणि होडी मुद्दाम आडवी करायची. पोर पाण्यात पडतं, नाकात पाणी जातं, एखादं रडतंही. नियम एकच: होडी सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसो, पोहत निघायचं नाही, कारण पाण्यात नुसतं डोकं लांबून दिसत नाही, होडी दिसते. होडीच्या पोटातून एक फळी खाली निघालेली असते. तिच्यावर भार टाकला की होडी हळूहळू सरळ होते. पण पाण्यानं भरलेली! मग डब्यानं उपसायचं. हा डबा होडीला बांधलेला हवा, नाहीतर तो आधीच तरंगत गेलेला असतो.

आपल्याकडे कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवायचे, आठवतंय? लाइफ जॅकेट त्याच जातीचं, पण मापाचं हवं. घालून झालं की दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठ्या माणसाचं आहे, परत करा. आणि जॅकेट आहे म्हणून पोहणं टाळू नका.

वेळ सकाळची. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आपल्याकडे वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. आभाळात गडगडलं की सगळ्या होड्या बाहेर.

शिबिरात नाव घालण्याआधी तिथल्या मास्तरांना विचारा, “होडी उलटवायला कितव्या दिवशी शिकवता?” ते छाती फुगवून म्हणाले, “आमची होडी उलटतच नाही,” तर पोराचं बोट धरा आणि घरी या.