दोन चेहऱ्यांमधली जागा

नमस्कार श्रोतेहो,

आम्हा बडोदेकर मराठी माणसांना संगमरवराचं फारसं अप्रूप नाही. लक्ष्मीविलास राजवाड्यातलं फेलिची या इटालियन शिल्पकाराचं काम बघतच मी मोठी झाले. पण दगडात माया उतरवणं किती अवघड, ते टाकी हातात धरल्यावर कळलं. आई आणि कडेवरचं मूल, गालाला गाल, असं घडवत होते. बाहेरचा दगड भराभर उतरला. दोन चेहऱ्यांच्या मधे आले, तर टाकी आत शिरेना. मग बारीक कानशीनं घासत बसले. एका दुपारी जरा जोर पडला आणि बाळाच्या नाकाचा टवका उडाला. माती असती तर लिंपली असती. संगमरवरात गेलं ते गेलं.

म्हणूनच फ्रेंच शिल्पकार ओग्युस्त रोदाँचं ‘चुंबन’ हे प्रेमी जोडीचं शिल्प पाहताना माझी नजर आधी त्या जागेवर जाते. ओठ टेकलेले नाहीत हो! केसभर अंतर उरलंय.

हे दोघं पाओलो आणि फ्रांचेस्का, तेराव्या शतकातले इटलीतले दीर-भावजय. इटालियन कवी दांतेच्या काव्यात ते नरकात भेटतात. लान्सलॉट या जुन्या दंतकथेतल्या सरदाराची प्रेमकथा एकत्र वाचताना मनं गुंतली, आणि फ्रांचेस्काच्या नवऱ्यानं दोघांनाही ठार केलं. पुस्तक अजून पाओलोच्या हातात आहे. दुसरा हात तिच्या मांडीवर टेकलाय, पण त्यात धसमुसळेपणा नाही. कातडी तुकतुकीत, आणि खालचा खडक मात्र खडबडीत ठेवलेला. त्या खडकामुळेच अंगाची ऊब जाणवते, असं मला वाटतं.

रोदाँनं १८८० मध्ये हाती घेतलेल्या ‘नरकाचे दरवाजे’ या भव्य शिल्पदाराच्या कामासाठी ही जोडी घडवली होती. पण एवढं सुख नरकाच्या दारात शोभेना, म्हणून ती वेगळी काढली. १८८८ मध्ये फ्रेंच सरकारनं ती मोठी करून संगमरवरात मागितली, आणि लोकांपुढे आली ती १८९८ मध्ये. आज ती पॅरिसच्या रोदाँ संग्रहालयात आहे. रोदाँ मातीत घडवायचा, दगड कोरायचे त्याच्या हाताखालचे कारागीर. ती चिंचोळी जागा त्यांनी किती जपून मोकळी केली असेल!

माझ्या बाळाचं नाक नीट करायला मला अख्खा चेहराच थोडा मागे घ्यावा लागला. गाल आईच्या गालापासून सुटला. आता सकाळी त्या फटीतून ऊन येतं.