कात्रजचा नळ, घरबसल्या

(दृश्य: काळोख. दोरीला बांधलेला कॅमेरा दगडी चौकोनातून खाली उतरतोय. भिंतीवर टॉर्चचा उजेड.)

हे जे दिसतंय ते जमिनीखालचं पुणं आहे. वरून ऐकू येतोय तो बसचा हॉर्न खराच आहे, एडिटिंगमध्ये टाकलेला नाही. सातारा रोडच्या जवळच्या एका उच्छ्वासातून, म्हणजे हवेसाठी बांधलेल्या दगडी मनोऱ्यातून, आपण आत उतरतोय, म्हणजे आपण नाही, कॅमेरा उतरतोय. माणसाला आत सोडायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, कारण इतकी वर्षं बंद असलेल्या जागेत हवा कशी असेल, गॅस साठलाय का, काही भरवसा नाही. थांबा जरा, दोरीची पिळवट सुटू दे. हां, आता बघा. दोन्ही बाजूंना घडीव दगड, सांध्यात चुना, आणि उंची बघा, माणूस ताठ उभा राहील एवढी. हा कात्रजचा नळ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा दगडी बोगदा.

(दृश्य: कात्रजचा तलाव, सकाळ. मागे घाटाचे डोंगर.)

१७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला ओढ्याचं पाणी अडवून तलाव बांधला आणि तिथून ते जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार. कात्रज उंचावर, शहर खाली, मग पाणी येणारच असं वाटतं, पण तसं नाहीये ते. उतार जास्त झाला तर पाणी जोरात येऊन बांधकाम खातं आणि कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबतो, म्हणजे एवढं सगळं अंतर मोजून मापून हळूच खाली येत राहायचं, आणि हे सगळं जमिनीच्या पोटात. आज लेझर घेऊन लेव्हल काढणाऱ्या इंजिनिअरला विचारा, तो पण मान डोलावेल.

(दृश्य: उच्छ्वास, जवळून. शेजारी उभ्या केलेल्या टू-व्हीलर.)

आणि हे उच्छ्वास. नळाच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर बांधलेले दगडी मनोरे. आत कोंडलेली हवा इथून बाहेर पडायची, पाण्याचा दाब सांभाळला जायचा, आणि साफसफाईसाठी आत उतरायची वाटही हीच. शेकडो लोक रोज याच्या शेजारी गाडी लावतात. काहींना तर ती जुनी समाधी वाटते, एकावर आम्हाला हळदीकुंकू पण वाहिलेलं दिसलं, आणि खरं सांगायचं तर तोच उच्छ्वास सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहे, देव समजल्यामुळे कुणी हात लावला नसावा.

आता मुद्दा असा की हे तुम्हाला दाखवायचं कसं? हेरिटेज वॉकला लोक येतात, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, झालं. दोनअडीच तासात पायी जेवढं होतं तेवढंच होतं. नळ आहे कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत, तोही जमिनीखाली, मधेच तुटलेला, मधेच कुणाच्या पार्किंगखाली. तो चालत बघताच येत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, वॉक बंद पडले, आणि सगळ्या शहरांतल्या इतिहासवाल्यांनी केलं तेच आम्ही केलं, झूमची लिंक पाठवली. सुरुवातीला नुसते फोटो दाखवून बोलणं. अर्धे लोक म्यूट करायला विसरलेले, कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या. पण त्यातच लक्षात आलं की स्क्रीनवर हा तुटलेला नळ जोडता येतो. रस्त्यावर उभं राहून येत नाही, स्क्रीनवर येतो.

तसं पुण्याला ऐकायला माणूस लागतो आणि बोलायलाही. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, तिथे पाक्षिक सभांमधून लोक निबंध वाचत आलेत. त्यामुळे ऑनलाइन व्याख्यान म्हणजे काहीतरी नवीनच असं आम्हाला वाटलं नाही, सतरंजीच्या जागी मोबाइल आला एवढंच. शंका विचारणारे तेच, आणि शंका म्हणून स्वतःचंच व्याख्यान सुरू करणारे पण तेच.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन. जुन्या नकाशावर उपग्रहाचं चित्र सरकतंय.)

हे काम बघा, यात सगळ्यात जास्त वेळ जातो. डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे आजचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र. दोन्ही एकमेकांवर बसवायचे तर न हललेल्या जागा शोधायला लागतात. रस्ते रुंद झालेत, ओढे वळलेत, वाडे पाडून इमारती झाल्यात, पण देवळं सहसा हलत नाहीत. पर्वतीचं देवदेवेश्वर १७४९ चं, म्हणजे साधारण नळाच्याच वेळचं, ती एक खूण. ओंकारेश्वर नदीकाठचं, ती दुसरी. कसबा गणपती तिसरी. या तीन खिळ्यांवर नकाशा ताणून बसवला की मधल्या गल्ल्या आपोआप जागेवर यायला लागतात, पूर्ण येत नाहीत, काढणाऱ्याने हातानं काढलाय, कुठे कुठे चांगलाच सरकतो. मग परत हौद, चौक, जुने पार अशा लहान खुणा घ्यायच्या. ही निळी रेघ दिसतेय ती नळाची अंदाजे वाट, आणि हे लाल ठिपके म्हणजे आज सापडलेले उच्छ्वास. ठिपक्यावर क्लिक केलं की तिथलं गोल फिरणारं चित्र उघडतं, मान वळवावी तसं बोटानं वळवायचं.

ते गोल चित्र घ्यायची पण एक रीत आहे. कॅमेऱ्याला दोन भिंगं, दोन्ही बाजूंचं एकदम टिपतो, काठीवर लावून उभा करायचा आणि आपण लपायचं, नाहीतर इतिहासाच्या मधोमध आपणच उभे दिसतो. गल्लीत लपायला जागा नसते. एका चित्रात भाजीच्या गाडीमागून आमच्यातल्या एकाचे पाय दिसतात, तसेच ठेवलेत. उजेड कमी असला की वेगवेगळे फोटो घेऊन ते जोडायचे, जोड नीट बसला नाही की कमान मधेच मोडल्यासारखी दिसते. जुलै २०२२ मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं, नाशिक आणि अहमदनगर पण होतं, तेव्हापासून मोठ्या रस्त्यांचं काम हलकं झालं. गल्लीबोळ मात्र अजून आपले आपणच टिपायचे, तिथे गाडीवरचा कॅमेरा शिरत नाही. ड्रोनचं विचारू नका, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, पुण्याच्या आकाशात परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. म्हणून वरून घेतलेलं एकही दृश्य या फिल्ममध्ये नाहीये.

(दृश्य: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. आत हजारी कारंजं, कोरडं.)

आता नळाचं शेवटचं टोक. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत १७३२ ची. म्हणजे वाडा आधी झाला, पाणी नंतर आलं. हे हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळासारखं, सवाई माधवरावांच्या वेळचं, आणि यातून उडणारं पाणी कात्रजहून उतरत आलेलं. १८२८ च्या आगीत वाड्यातलं लाकूडकाम गेलं, दगड राहिला, कारंजं राहिलं. आमच्या ऑनलाइन टूरमध्ये इथे आम्ही पाण्याचा आवाज लावतो. काही लोकांना ते आवडत नाही, जे नाही ते कशाला ऐकवता म्हणतात. मला स्वतःला आवडतं.

शनिवारवाड्यातून पर्वतीला गुप्त भुयार जातं हे पुण्यात प्रत्येकाच्या आजोबांनी सांगितलेलं असतं. लाइव्हमध्ये हा प्रश्न आला नाही असं होतच नाही. आमचं मत विचाराल तर त्यातली बरीचशी भुयारं म्हणजे हे पाण्याचे नळच असावेत, माणूस उभा राहील एवढा दगडी बोगदा कुणाला पायाच्या खड्ड्यात लागला की घोडेस्वार आपोआपच डोळ्यासमोर येतात. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना असंच बांधीव भुयार लागलं होतं, कोणी म्हणालं पेशव्यांचं, कोणी म्हणालं इंग्रजांच्या काळातल्या पाणीपुरवठ्याचं, पेपरात आठवडाभर चाललं.

(दृश्य: चौकांच्या पाट्या एकामागून एक.)

वाड्याच्या वाटेवर हे पाणी शहरालाही मिळायचं, हौदांमधून. काळा हौद. बदामी हौद. फडके हौद. सात तोटी. आज यातले बरेचसे नुसते चौक झालेत. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून वेगळा नळ आणून सदाशिव पेठेच्या हौदात पाणी पाडलं, सरदार रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत आणलं. म्हणजे एक नळ नव्हता, जाळंच होतं. मग एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचं धरण झालं आणि शहर हळूहळू त्या पाण्यावर गेलं.

(दृश्य: महात्मा फुले वाड्याचं आवार.)

हौद आला की पाणी कुणाला मिळायचं हा प्रश्न येतोच. हौद सार्वजनिक, पण सगळ्यांसाठी नव्हता. १८६८ साली महात्मा फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरातला हौद अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेल्या लोकांसाठी खुला केला. आमच्या टूरमध्ये नळाची निळी रेघ शनिवारवाड्याशी संपायची, मग ऐकणाऱ्यांपैकी काहींनी भांडून ती इथपर्यंत आणायला लावली, बरं केलं. हा हौद नळाच्या रेघेवर आहे असा आमचा दावा नाही, पण पुण्याच्या पाण्याची गोष्ट इथे आल्याशिवाय पुरी होत नाही. इथे आम्ही बोलत नाही, चित्र थोडा वेळ तसंच ठेवतो.

(दृश्य: झूमची खिडकी, चौकोनांत चेहरे. बाजूला चॅट पळतोय.)

हे चेहरे. भारतात रात्री साडेनऊला सुरू करतो, तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे ९ वाजलेले असतात, लंडनला संध्याकाळचे ५. सिडनीवाल्यांचं खरं कौतुक, तिथे रात्रीचे २, तरी एखाद दुसरा असतोच. पुणं सोडून गेलेल्यांना पुण्याचं जास्त असतं हे आहेच, पण काम होतं ते चॅटमधून. आम्ही स्क्रीनवर चौक दाखवतो आणि तिकडून लगेच येतं की हौद या कोपऱ्यात नव्हता, समोर होता, पायऱ्या होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासलाही फुटलं, शहराचं पाणी गेलं, त्या दिवसांत विहिरी आणि हौदांवरून पाणी भरल्याच्या आठवणी इथे येतात, कोण लहान होतं, कुणाच्या हातात कळशी होती. हे कुठल्या दफ्तरात मिळणार? पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, खर्चाच्या नोंदी मिळतील, पायऱ्या किती निसरड्या होत्या ते नाही मिळणार. रेकॉर्डिंग झाल्यावर चॅट वेगळा सेव्ह करून ठेवतो आणि पुढच्या वेळी लाल ठिपका त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात सरकतो. अर्थात आठवणी पण सरकतात, दोन भावांनी एकच हौद दोन वेगळ्या चौकांत सांगितलाय, तेव्हा दोघांचं जुळेपर्यंत ठिपका राखाडी ठेवायचा असं ठरवलंय.

(दृश्य: आंबिल ओढा, भिंती, कडेची घरं.)

कात्रजच्या तलावातून पुढे येणारा हा आंबिल ओढा, पूर्वी शहरातूनच वाहायचा, पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळून वळवला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याला पूर आला, वीसहून जास्त माणसं गेली. त्या रात्रीचं चित्रण आपल्याकडे नाही.

(दृश्य: परत नळाच्या आत. पाणी, प्लास्टिक, एका बाजूनं आत आलेला सिमेंटचा पाइप.)

इथे कॅमेरा थांबला. समोरून इमारतीचा पाया आलाय आणि बाजूनं कुणीतरी ड्रेनेजची लाइन आत सोडलीये. पुढे जाता येत नाही. या तुकड्याचं गोल चित्र टूरमध्ये तसंच टाकलंय, साफ करून नाही, वास फक्त देता येत नाही.

(दृश्य: नकाशा. निळ्या रेघेत रिकाम्या जागा.)

रेघेत हे जे मधले तुकडे रिकामे आहेत ते धनकवडी, पद्मावतीच्या बाजूचे आणि पुढे स्वारगेटच्या अलीकडचे. तिथे आज सोसायट्या आहेत. तुमच्या आवारात, पार्किंगच्या कोपऱ्यात, वॉचमनच्या केबिनमागे असा चौकोनी दगडी मनोरा असेल, त्यावर मीटरची पेटी बसवली असेल तरी चालेल, मोबाइलनं चारही बाजूंनी फोटो काढा, एक फोटो लांबून, आजूबाजूची इमारत दिसेल असा, आणि मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा. झाकण उघडू नका, आत वाकून बघू नका. आणि फोटो काढायच्या आधी सोसायटीच्या चेअरमनना विचारा, कारण उच्छ्वास म्हटलं की त्यांना पहिली शंका हीच येते की आता रीडेव्हलपमेंट अडकणार, तेव्हा चहा पिऊन शांतपणे समजावून सांगा, आम्ही लागलो तर येतो. पुढची टूर रास्त्यांच्या कोंढव्याच्या नळाची, लिंक खाली दिलीये.