गुलालाचे चौकोन

(दृश्य : लालबाग. अनंत चतुर्दशी. श्रॉफ बिल्डिंगसमोर गर्दी.)

इथे मूर्ती थांबते आणि वरून पुष्पवृष्टी सुरू होते. खालून गुलाल उडतो, मध्येच पावसाची सर येते. कॅमेरा सगळं टिपतो. ते तुमच्या मोबाईलपर्यंत धड पोचवायचं, हे माझं काम.

(दृश्य : परळ. एडिटिंगची छोटी खोली.)

फिल्म आहे १२ मिनिटांची, फुल एचडी. कॉम्प्रेस न करता ठेवली, तर एकेक फ्रेम ६ एमबीच्या वर जाते. सेकंदाला अशा २५. सगळ्या मिळून जवळपास ११२ जीबी! म्हणून एच.२६४. हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर करून साठवायची पद्धत, २००३ सालचा, पण आजही बहुतेक कुठल्याही फोनवर चालतो.

कोडेक दर फ्रेम नव्याने लिहीत नाही. एक चित्र अख्खं ठेवतो आणि पुढे काय सरकलं, काय बदललं, तेवढंच नोंदवतो. चौपाटीवरच्या पहाटेचा शॉट घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, वर स्तब्ध आभाळ. त्याला फारसा डेटा लागतच नाही.

गुलालाचं तसं नाही. एकही कण मागच्या फ्रेममधल्या जागी सापडत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायला मिळणारा डेटा, अपुरा पडला की कोडेक बारकावे सोडून देतो आणि पडद्यावर चौकोन उमटतात. त्यात रंगाची अडचण. आपल्या डोळ्यांना उजेड-सावलीतले बारकावे जास्त कळतात, रंगातले कमी. म्हणून चार पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच ठेवतात. एरवी चालून जातं. गडद लाल गुलालाच्या कडा मात्र फिसकटतात.

(दृश्य : ताशा वाजवणारी मुलगी, क्लोजअप.)

पहिला एक्सपोर्ट मी ३ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिटवर काढला. हिच्या कपाळावरचा गुलाल ठिगळ लावल्यासारखा दिसत होता. सकाळपासून ताशा वाजवणाऱ्या पोरीचा चेहरा असा दाखवायचा? मला ते सहन होईना.

मग टू-पास. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर नुसतं बघून घेतं, कुठे धुमाळी आहे, कुठे शांत. दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट्स वाटतं. सरासरी ८ एमबीपीएस, गुलालाच्या जागी १६ पर्यंत मुभा. वेळ दुप्पट लागला, लागू दे. फाईल झाली साधारण ७२० एमबी.

व्हिडिओ साइटवर अपलोड झाल्यावर तिकडे ती पुन्हा कॉम्प्रेस होते. १०८०, ७२०, ४८०, ३६० अशा आवृत्त्या बनतात, प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पडतात, आणि नेटवर्क असेल तसा प्लेअर तुकडा उचलतो. आपणच फाटकी फाईल पाठवली तर पुढे तिच्या चिंध्याच होणार. इथे हात आखडू नये, असं माझं ठाम मत आहे. ही फिल्म कोकणातही बघितली जाणार, रेंजची एखादी काडी असलेल्या घरांत.

(दृश्य : चाळीचा जिना. हातात मोबाईल.)

वायफाय बंद केलं, क्वालिटी ३६० वर आणली. पाकळ्या मोजता येत नाहीत, पण त्या पाकळ्या आहेत हे कळतं. ताशेवालीचं कपाळ लाल आहे, आणि त्यावरून ओघळलेला पावसाचा थेंबही दिसतोय.

लिंक पहिल्यांदा तिलाच पाठवली.