जाड भिंत, कमी वीज: मौल्यवान वस्तूंच्या कोठारांबद्दल

मंडळी, म्युझियममध्ये आपण जे बघतो तो त्यांच्याकडच्या वस्तूंचा छोटासा भाग असतो, बाकी सगळं कुलपात. आज मी त्या कुलपातल्या इमारतींबद्दल बोलणारे. माझं म्हणणं एकच आहे, चोरापासून वाचवायला जशी इमारत लागते तशीच वीज वाचवायलाही लागते. जाड भिंती, खिडक्या नाहीत, दारं कमी, आत माणसांची ये-जा कमी. पण मधल्या काळात आपण सगळे एसीच्या मागे लागलो.

हे कुठून आलं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं बॉम्बपासून वाचवायला १९४१ साली वेल्समधल्या मॅनॉड इथल्या स्लेटच्या खाणीत हलवली. डोंगराच्या पोटात विटांच्या खोल्या बांधल्या. खाणीतली हवा थंड आणि दमट, पण ती बदलायचीच नाही, त्यामुळे खोल्यांना थोडी ऊब दिली की काम भागायचं, तापमान साधारण १७ डिग्री आणि आर्द्रता ४२ टक्के. आणि लंडनमध्ये ज्या चित्रांच्या रंगाचे सारखे पोपडे सुटायचे ती तिथे शांत राहिली, युद्धानंतर परत आणली तर पोपडे पुन्हा सुरू! हवा स्थिर हवी हा धडा लोकांनी घेतला, तो बरोबरच होता, पण ती स्थिरता डोंगराने दिली होती हे मागे पडलं आणि जगभर ती मशीनने आणायला सुरुवात झाली, २० डिग्री, ५० टक्के, बाहेर बर्फ असो की ऊन, चोवीस तास.

यातून बाहेर पडायची वाट डेन्मार्कच्या लोकांनी दाखवली, रिबे आणि व्हायले इथल्या कोठारांमध्ये, आणि मला हे काम मनापासून आवडतं. त्यांनी भिंती आणि छत भरपूर इन्सुलेट केले, म्हणजे उष्णता अडवणारे थर लावले, हवा शिरणार नाही असं सगळं सील केलं, पण जमिनीला मुद्दाम इन्सुलेशन केलं नाही. म्हणजे उन्हाळ्यात जमीन आतली उष्णता ओढून घेते आणि थंडीत परत देते. आतलं तापमान वर्षभरात हळूहळू वरखाली होतं, त्याला कोणी अडवत नाही, कारण लाकडाला आणि कागदाला हळू बदल सोसतो, झटका सोसत नाही. मशीन लागतं ते फक्त हवा कोरडी करायला, कारण आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते.

नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्टला हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलंय, २०२१ मध्ये सुरू झालेलं कलेक्शन सेंटर, राइक्सम्युझियम धरून चार संस्थांच्या पाच लाखांहून जास्त वस्तू एका छताखाली. तिथे कर्मचाऱ्यांचे वर्कशॉप वेगळ्या भागात आणि कोठार वेगळं. माणूस म्हणजे उष्णता आणि घाम, तो आत कमी तेवढी हवा शांत, आणि कोण कधी आत गेलं यावर लक्ष ठेवणंही सोपं. त्याच वर्षी रॉटरडॅमला बॉयमान्स म्युझियमचं आरशांनी मढवलेलं डेपो, म्हणजे कोठारच, उघडलं, छतावर बर्चची झाडं, दीड लाखाच्या वर वस्तू आणि लोकांना आत प्रवेश! बघायला सुंदर आहे, पण कोठार म्हणून विचाराल तर मी आमर्सफोर्टच्या बाजूने.

आगीचं मात्र कोडं वेगळं. इंग्लंडमधल्या बॉस्टन स्पा गावी ब्रिटिश लायब्ररीच्या कोठारात ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे आग लागूच शकत नाही, पाणी मारायची वेळच येत नाही. पण ऑक्सिजन कमी ठेवायला आत सोडायचा नायट्रोजन बनवत राहावा लागतो, त्याला वीज लागते, आणि इमारत जितकी गळकी तितकं बिल जास्त. इथेही शेवटी हवाबंद भिंतच कामाला येते.

आता तुम्ही विचाराल आपल्याकडे हे होईल का? डेन्मार्कचा प्लॅन उचलून रत्नागिरीत बांधला तर फसेल. काही मीटर खाली जमिनीचं तापमान तिथल्या वर्षाच्या सरासरीइतकं असतं, डेन्मार्कला ८-९ डिग्री, कोकणात २७ च्या आसपास, त्यामुळे जमीन आपल्याला गारवा देणार नाही. पण स्थिरता देईल, आणि आपल्याला तीच हवी आहे, कारण २० डिग्रीचा हट्ट आता मोठ्या म्युझियमनीही सोडलाय, जगातल्या मोठ्या म्युझियमच्या संचालकांचा जो बिझो ग्रुप आहे त्याच्या नियमात १६ ते २५ डिग्री आणि ४० ते ६० टक्के चालतं. कोकणातले २७ त्याच्याही थोडे वर, पण हट्ट सुटला हे महत्त्वाचं. आपल्याकडे खरं दुखणं आहे पावसाळ्याचे चार महिने. म्हणून जाड भिंत, उन्हासाठी दुहेरी छत, पक्कं सील आणि पावसाळ्यात डिह्युमिडिफायर, म्हणजे हवा कोरडी करणारं मशीन, यावर पैसे घाला. सगळ्यात वाईट म्हणजे दिवसा एसी लावायचा आणि स्टाफ घरी गेला की बंद करायचा, रोज झटका, त्यापेक्षा एसी नसलेला जुना वाडा परवडला. तुमच्या गावच्या संग्रहालयात काही करणार असाल तर आधी कोठारात एक डाटालॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता नोंदत राहणारं छोटं यंत्र, ठेवा, पूर्ण एक वर्ष, सगळे ऋतू होऊ द्या, आणि मगच आर्किटेक्टला बोलवा.