पहाटेची पाळी: सेंट अँड्रूजच्या मैदानावर टी टाइमची वाटणी कशी होते

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ परगण्यात सेंट अँड्रूज नावाचे लहानसे गाव आहे. जून महिन्यात तिथे पहाटे साडेचारच्या सुमारास उजाडते, आणि डिसेंबरात सकाळचे साडेआठ वाजून गेले तरी सूर्य वर आलेला नसतो. या गावाच्या कडेला, वस्ती आणि समुद्र यांच्यामधल्या वाळवट पट्ट्यावर, ओल्ड कोर्स हे गोल्फच्या जगातले सर्वांत नावाजलेले मैदान पसरले आहे. तिथे उद्या सकाळी कोणी खेळायचे हे कसे ठरते, याविषयी मी आज बोलणार आहे.

गोल्फमध्ये खेळाडूंचे गट एकामागून एक सोडले जातात. एका गटात जास्तीत जास्त चौघे असतात. मैदान होल नावाच्या टप्प्यांत विभागलेले असते, आणि प्रत्येक टप्पा टी या सुरुवातीच्या जागेपासून ग्रीन या बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या खड्ड्यापर्यंत जातो. पहिल्या होलच्या टीवरून पहिला फटका मारण्याची जी वेळ गटाला नेमून दिलेली असते, तिला टी टाइम म्हणतात. दोन गटांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवले, तर तासाला ६ गट, म्हणजे २४ माणसे सुटतात. हेच अंतर आठ मिनिटांवर आणले की हिशेबात तासाला ३० माणसे बसतात, आणि पुष्कळ क्लबांना हा मोह आवरत नाही. परंतु पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या, आखूड होलवर पुढचा गट ग्रीनवरून उतरेपर्यंत मागच्यांना फटका मारता येत नाही. तिथे प्रत्येक गटाची दहा मिनिटे जात असतील आणि गट मात्र आठ मिनिटांनी सुटत असतील, तर अकराव्या गटाला त्या होलपाशी वीस मिनिटे ताटकळावे लागते. सकाळच्या पहिल्या दोन-चार वेळांसाठी एवढी ओढ का असते, ते यावरून ध्यानात येईल. त्या वेळी पुढे कोणी तुंबलेले नसते.

ओल्ड कोर्सवर याला आणखी एक कारण आहे. हे मैदान गावापासून निघून ईडन नदीच्या मुखाकडे जाते आणि तिथून वळून परत येते. त्यात सातव्या आणि अकराव्या होलच्या वाटा एकमेकींना छेदतात, म्हणून भर दिवसा जाणारे आणि परतणारे गट एकमेकांसाठी थांबून राहतात. पहाटेच्या पहिल्या गटांना समोरून येणारे कोणीच भेटत नाही. इतर अनेक मैदानांवर गर्दीच्या सकाळी पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टींवरून एकाच वेळी गट सोडतात. इथे दहावी टी गावापासून सर्वांत दूरच्या टोकाजवळ असल्यामुळे ती सोय नाही, आणि सगळा भार पहिल्या टीवर येतो.

खासगी क्लबांत या सकाळच्या वेळांचा निकाल सोपा असतो. सभासदांसाठी नोंदणी काही दिवस आधी खुली होते, शनिवार-रविवारची सकाळ त्यांच्याकडे राहते आणि पाहुण्यांना दुपार मिळते. सेंट अँड्रूजला तसे करता येत नाही, कारण ही जमीन लोकांची आहे. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी तिथे ससे पाळण्याची मुभा घेतली, तेव्हा त्या बदल्यात या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य केला. १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे आली. सशांनी मैदान उकरायचे आणि गावकऱ्यांनी चिडून भांडायचे, असा झगडा १८२१ पर्यंत चालला. त्या वर्षी जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली, आणि १९७४ च्या कायद्याने तिचा कारभार लिंक्स ट्रस्टकडे आला. १७५४ साली स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत पहिल्या टीच्या अगदी पाठीशी उभी आहे, पण मैदान त्या क्लबच्या मालकीचे नाही.

मालक सगळे आणि वेळा मोजक्या, म्हणून वाटणी करावी लागते. काही वेळा गावकऱ्यांसाठी आणि स्थानिक क्लबांसाठी राखलेल्या असतात, काही आधीच्या वर्षीच नोंदवल्या जातात, आणि काही रोजच्या सोडतीत जातात. दोन ते चार जणांच्या गटाने खेळण्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावे द्यायची आणि संध्याकाळी आपले नाव लागले का ते पाहायचे. आपल्याकडे म्हाडाच्या घरांच्या सोडतीच्या दिवशी यादी पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, तेच तिथे रोज दिसत असणार.

एकट्या खेळाडूची गोष्ट निराळी होती. सोडतीत एकट्याला नाव देता येत नसे. त्याने पहाटे टीजवळच्या ओल्ड पॅव्हिलियनपाशी येऊन रांगेत उभे राहायचे, आणि दोघांच्या किंवा तिघांच्या गटात जागा असेल तर त्यांच्या संमतीने सामील व्हायचे, असा रिवाज होता. हळूहळू ही पहाट मागे सरकत मध्यरात्रीपर्यंत, आणि पुढे त्याच्याही आधीपर्यंत गेली. समुद्रावरचा गार वारा अंगावर घेत, पांघरुणात गुरफटलेली माणसे अंधारात भिंतीच्या आडोशाला बसून राहू लागली. २०२४ साली ट्रस्टने ही रांग बंद केली. आता एकट्याने आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचे असते आणि क्रम सोडतीने लागतो. रांगेत जो लवकर येईल त्याला आधी मिळे, आणि जागरणाची ओळख आयुष्यभर टिके, असे म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचे म्हणणे समजते, तरीही मी सोडतीच्या बाजूने आहे. रात्रभर थंडीत बसणे तिशीतल्या धडधाकट माणसाला जमते. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना, किंवा रात्री परक्या गावात एकटीने रस्त्यावर बसण्याचा विचार करणाऱ्या बाईला, ती रांग कधी खुली नव्हतीच. समोर येऊन नाव देण्याची अट ठेवली, हे मात्र उत्तम झाले. नाहीतर घरबसल्या जगभरातून नावे पडली असती आणि खरोखर तिथे पोचलेला माणूस मागे राहिला असता.

या सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचलेले असतात ते तिथले माळी, ज्यांना ग्रीनकीपर म्हणतात. खेळणाऱ्याला ते दिसावेत तेवढे दिसत नाहीत. लांब लवचिक काठी ग्रीनवरून आडवी फिरवून ते गवताच्या पात्यांवरचे दव झाडतात, कारण ओल्या पात्यावर बुरशी धरते आणि कापणी एकसारखी होत नाही. मग होल, म्हणजे चेंडू पडायचा खड्डा, बदलायचा असतो. १०८ मिलिमीटर व्यासाची नळी जमिनीत दाबून मातीचा गड्डा गवतासह उचलायचा, तो कालच्या होलमध्ये बसवायचा, आणि कडा बोटांनी दाबून अशा सपाट करायच्या की चेंडूला सांधा जाणवू नये. ओल्ड कोर्सवर १८ होलांसाठी ११ ग्रीन आहेत, कारण त्यांपैकी ७ ग्रीन प्रत्येकी दोन होलांना सामाईक आहेत. दुसऱ्या होलचा ग्रीन तयार करणारा माळी त्याच खेपेत सोळाव्याचाही ग्रीन तयार करतो. तरीही पहिली वेळ फार लवकर दिली, तर माळ्याच्या पाठोपाठ चेंडू येऊन पडतात. म्हणून पहिला टी टाइम ठरवताना माळ्याला किती वेळ लागतो हे आधी धरायला हवे. बहुतेक रविवारी तर ओल्ड कोर्स खेळासाठी बंदच असतो. त्या दिवशी गावातले लोक कुत्री आणि मुले घेऊन फेअरवेवरून, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्यावरून, फिरतात.

हिवाळ्यात मात्र सगळी यादी गवताच्या हाती जाते. कडाक्याच्या थंडीत पात्यातले पाणी गोठते, त्यावर पाऊल पडले की पेशी फुटतात, आणि दोन दिवसांनी नेमके त्या पावलाच्या आकाराचे काळपट डाग उठतात. त्यामुळे हिम वितळेपर्यंत पहिल्या टीवर कोणालाही सोडत नाहीत, मग तो सोडतीत निघालेला असो, गावकरी असो की वर्षभर आधी पैसे भरलेला पाहुणा असो. डिसेंबरात तिथे दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो आणि एका फेरीला चार तास लागतात. सकाळी हिमापायी एक तास गेला, तर दहा मिनिटांच्या अंतराच्या हिशेबाने यादीच्या शेवटच्या सहा गटांना, म्हणजे २४ जणांना, त्या दिवशी पूर्ण फेरी मिळत नाही.