पायोरियाचे जंतू जगतात कशावर?

(दृश्य : अमळनेर तालुक्यातलं एक गाव. चुलीवर तवा, तव्यावर काळी पडत चाललेली तंबाखू.)

तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. झाली मिश्री तयार. खानदेशातल्या कितीतरी घरांत सकाळी आधी ही डबी उघडते. बोट हिरडीवरून फिरतं, बोटाला थोडं रक्त लागतं, चूळ भरली की ते थांबतं आणि बाई कामाला लागते. त्या रक्ताकडे कुणी लक्ष देत नाही. आपण आज त्याच रक्ताचा माग काढणार आहोत.

(दृश्य : तालुक्याच्या गावातला दातांचा दवाखाना. खुर्चीत साठीच्या काकू.)

काकू डॉक्टरांना विचारतात, "मी ते गोड खास बी नही, मंग दात काबर हालतस?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गोड खाल्लं की दात किडतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ते खरंही आहे. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स साखर खातो, तिचं लॅक्टिक आम्ल करतो आणि त्या आम्लात दाताचं कवच विरघळतं. पण काकूंचे दात किडलेले नाहीत, ते हलताहेत. हिरडीच्या आजारात, म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्यात, मुक्कामाला असणारे जंतू निराळे. त्यांच्यातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. साखरेवर त्याचा निभाव लागत नाही. त्याला प्रथिनं लागतात आणि ती तो आपल्या ताटातून उचलत नाही. आपल्या रक्तातून आणि हिरडीतून घेतो.

(दृश्य : डॉक्टरांच्या हातातली बारीक सळई, जवळून.)

ही सळई नीट पाहा. टोक बोथट, अंगावर मिलिमीटरच्या खुणा. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये ती एक ते तीन मिलिमीटर आत जाते. काकूंच्या दाढेपाशी तीनची खूण बुडाली, पाचची बुडाली, सळई सहावर थांबली. बाहेर काढल्यावर मागोमाग रक्ताचा थेंब आला. काकूंना काही दुखलं नाही. न दुखणं हाच या आजाराचा खरा धोका आहे, कारण दुखत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही.

एवढ्या खोल फटीत ऑक्सिजन जेमतेम पोचतो. आपली पेशी ऑक्सिजनच्या मदतीनं ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीसच्या आसपास एटीपी मिळवते. एटीपी म्हणजे ज्यावर पेशीची सगळी कामं चालतात तो रेणू. तेच ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय नुसतं आंबवलं, तर हाती दोनच एटीपी लागतात. प्रथिनं आंबवणाऱ्याची मिळकतही अशीच तुटपुंजी. म्हणून या जंतूंना जगायला भरपूर खावं लागतं, आणि जेवढं खाणं तेवढी घाण.

(दृश्य : शेतातला गोबरगॅस. शेणकाला ढवळणारे हात.)

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गोबरगॅसच्या बंद टाकीत हेच चालतं. हवा नाही, एक जंतू शेण फोडतो, त्याचं उरलेलं दुसरा खातो, आणि शेवटी हायड्रोजनवर जगणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. हिरडीच्या फटीतही असाच मिथेन करणारा एक सूक्ष्मजीव सापडतो, मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर ओरॅलिस. 1994 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. मला स्वतःला या सगळ्या कहाणीतली ही गोष्ट सर्वांत थक्क करणारी वाटते.

(दृश्य : जंतूचं रेखाचित्र, हलतं.)

आता पॉर्फिरोमोनासचं जेवण. त्याच्या अंगावर जिंजिपेन नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. प्रथिनांच्या लांब साखळीत जिथं आर्जिनिन किंवा लायसिन दिसेल तिथं ती साखळी कापतात. मग दुसरी विकरं त्या तुकड्यांचे दोन-दोन अमिनो आम्लांचे घास करतात आणि हे घास आत ओढले जातात. आत अस्पार्टेट, ग्लुटामेट ही अमिनो आम्लं फोडली जातात. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन कुठंतरी टेकवावे लागतात. आपण ते शेवटी ऑक्सिजनला देतो. हा जंतू ते फ्युमरेट नावाच्या रेणूला देतो आणि त्याचं सक्सिनेट होतं. इलेक्ट्रॉन पुढं सरकताना पेशीतला सोडियम बाहेर ढकलला जातो. तो परत आत येऊ पाहतो, आणि त्याच्या त्या ओढीवर सेरिन, थ्रिओनिन यांसारखी अमिनो आम्लं आत घेतली जातात.

इलेक्ट्रॉन पुढं सरकवायच्या कामाला हीम लागतं, म्हणजे रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग. ते जंतूला स्वतः तयार करता येत नाही, म्हणून त्याला रक्त हवं असतं. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या थाळीवर वाढवला, तर काही दिवसांत त्याच्या वसाहती काळ्याभोर होतात. तो काळेपणा साठवलेल्या हीमचा.

शेजारी ट्रेपोनेमा डेंटिकोला नावाचा दुसरा जंतू असतो. तो सक्सिनेट सोडतो, ते पॉर्फिरोमोनासच्या उपयोगी पडतं. पॉर्फिरोमोनास आयसोब्युटिरेट सोडतो, ते ट्रेपोनेमाला चालतं. एकमेकांच्या आधारानं दोघं वाढतात.

मागे उरतं ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड. तोंडाला वास येतो तो बराचसा हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या वायूंचा. ब्युटिरेट हिरडीच्या पेशींना बाधतं. हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीतून प्रथिनांनी भरलेला द्रव जास्त पाझरतो. म्हणजे जंतूचं ताट पुन्हा भरलं. सूज उतरू नये याची सोय जिंजिपेनच करतात. आपल्या संरक्षणाची काही प्रथिनं ते असे कापतात की सूज पेटती राहते. दाताभोवतीचं हाड मात्र जंतू खात नाहीत. लांबलेल्या सुजेमुळं आपल्याच शरीरातल्या हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि दाताचा आधार जातो.

(दृश्य : पुन्हा तवा आणि डबी.)

विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. तंबाखू हिरडीला चोळत राहिलं की हिरडी मुळाकडं सरकते. मधुमेह असेल तर पायोरिया बळावतो आणि पायोरियामुळं रक्तातली साखर आवरणं अवघड होतं.

"दात साफ केले की सैल होतात," हे आपल्याकडं घरोघरी ऐकू येतं. यानं फार नुकसान केलंय, म्हणून स्पष्ट सांगते. दात आधीच सैल झालेले असतात. दगडासारखं घट्ट झालेलं किटण त्यांना धरून ठेवत असतं आणि त्याच्याच आडोशाला जंतू राहतात. डॉक्टर हिरडीखालचं किटण खरवडून काढतात तेव्हा सूज उतरते, पाझर कमी होतो, फट आखडते, थोडा ऑक्सिजन आत पोचू लागतो. हवा न सोसणाऱ्यांची उपासमार होते. नुसत्या गोळ्यांनी हे साधत नाही, कारण किटणाच्या थरात औषध नीट शिरत नाही.

गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. फटीत जंतूंची वस्ती काही आठवड्यांत पुन्हा बसू लागते. म्हणून अशा रुग्णांना साधारण तीन महिन्यांनी परत बोलावतात, आणि दोन दातांच्या मधली जागा रोज घरी साफ करायला छोटा ब्रश देतात. काकूंनाही तो दिलाय, आणि मिश्रीची डबी बंद करायला सांगितलंय.