तळपायावरची नागमोडी रेघ

नमस्कार श्रोतेहो.

तळपायावर तांबडी, किंचित उंचावलेली, नागमोडी रेघ उमटते. रुंदी जेमतेम २-३ मिलिमीटर. तिच्या टोकाशी आज पेनाने खूण करा. उद्या टोक खुणेच्या पुढे गेलेलं दिसेल. आणि खाज इतकी, की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. हा नायटा नव्हे. नायटा गोल पसरतो, असा वाट काढत चालत नाही. तरी कित्येकजण आठवडेच्या आठवडे नायट्याचं मलम चोळत राहतात, याची मला फार हळहळ वाटते.

ती रेघ म्हणजे अंकुशकृमीच्या, हुकवर्मच्या, अळीची वाट. हे कृमी कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात राहतात. विष्ठेतून त्यांची अंडी मातीत, वाळूत पडतात आणि ऊब, ओल मिळाली की अळ्या बाहेर येतात. त्यावर अनवाणी पाय पडला, की अळी कातडीत शिरते. पण माणसाच्या कातडीच्या वरच्या थराखालचा पडदा तिला सहसा भेदता येत नाही. मग ती तिथेच भटकत राहते आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, मरते.

माणसाच्या अंकुशकृमीचं मात्र तसं नाही. तो कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात आणि शेवटी आतड्यात पोचतो, तिथे रक्त पितो आणि माणूस पांढराफटक पडतो. हा कृमी कातडीतून शिरतो, हे कृमींचे जर्मन अभ्यासक आर्थर लूस यांना १९व्या शतकाच्या अखेरीस कैरोत कळलं, तेही अळ्यांचं पाणी चुकून स्वतःच्या हातावर सांडल्यामुळे!

कुत्र्या-मांजरांच्या कृमीची अळी आपोआप मरणारी असली, तरी महिनाभर खाजवत का बसायचं? आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधाची वजनाप्रमाणे एकच मात्रा बहुतेकांना पुरते. नाहीतर डॉक्टर अल्बेंडाझोल काही दिवस देतात. गर्भवती असाल, किंवा मूल १५ किलोच्या आतलं असेल, तर ते आधी सांगा. सुईने कोरू नका, चटका देऊ नका, बर्फाने गोठवू नका. रेघ दिसते तिथे अळी नसतेच. ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. नखं कापून ठेवा, कारण खाजवून जखम झाली की त्यात पू धरतो.

औषध घेतल्यावरही टोकाशी पेनाची खूण करा. खाज साधारण दोन-तीन दिवसांत उतरू लागते, रेघ पुसट व्हायला जरा जास्त वेळ लागतो. आठवड्याभरानंतरही टोक खुणेपुढे सरकत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. कधीकधी दुसरी मात्रा लागते.